कूलिंग सिस्टिमच्या होजला कुठली क्लिप लावावी: प्रकार, माप, आवळणं आणि गळतीची कारणं

रेडिएटरच्या होजसाठी क्लिप घेताना बहुतेकांचं लक्ष दोन गोष्टींवर असतं: ती होजवर बसते का आणि घट्ट होते का. पण लावताना घट्ट असणं हे क्लिपचं अर्धंच काम. इंजिन तापलं की रबर फुगतं, निवलं की आकसतं आणि काही महिन्यांत पट्टीखाली दबून कायमचं पातळ होतं. या सगळ्या काळात क्लिपचा दाब टिकला पाहिजे. हा दाब कोणती क्लिप टिकवेल हे आधी ठरवायचं. माप, पट्टीची रुंदी आणि धातू यांचा विचार त्यानंतर.

क्लिपला काय सोसावं लागतं

बहुतेक मोटारींच्या रेडिएटर कॅपवर किंवा एक्स्पान्शन टाकीच्या झाकणावर ०.९ ते १.५ बार यांमधला एखादा आकडा असतो. इंजिन गरम असताना होजमध्ये तितका दाब तयार होऊ शकतो. ज्या नळीवर होज चढतो तिला इथे तोटी म्हणू. तोटीचा बाहेरचा व्यास ३४ मि.मी. आणि दाब १.१ बार धरला, तर होजला तोटीवरून मागे ढकलणारा जोर सुमारे १० किलो भरतो. तोटीच्या टोकाजवळ जो गोल उंचवटा असतो तो कंगोरा. दाबलेला होज या कंगोऱ्यावरून मागे सरकू शकत नाही, म्हणून जोड टिकतो. कंगोरा नसलेल्या गुळगुळीत नळीवर कितीही चांगली क्लिप लावली तरी होज निसटण्याचा धोका राहतोच.

आता तापमान. कूलंट साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअसला फिरतं आणि गाडी रात्रभर उभी राहिली की बाहेरच्या हवेइतकं थंड होतं. होजचं ईपीडीएम रबर तापल्यावर स्टीलच्या दहापटीहून जास्त प्रसरण पावतं. ३४ मि.मी.ची ॲल्युमिनियमची तोटी, तिच्यावर ४.५ मि.मी. जाडीचा होज आणि तापमानात ८० अंशांची वाढ असा ढोबळ हिशेब मांडला, तर तोटी आणि रबर मिळून व्यास स्टीलच्या पट्टीपेक्षा दीड दशांश मिलिमीटरच्या आसपास जास्त वाढू पाहतो. आकडा किरकोळ वाटतो. पण पट्टी मोठी होत नाही, त्यामुळे हा सगळा भार रबरावर येतो. गरम रबर अशा दाबाखाली हळूहळू आपला आकार सोडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आकसतं, पट्टी मात्र तिथेच असते आणि मध्ये केसाएवढी फट राहते. थंड इंजिनाखाली दोन थेंब दिसतात, इंजिन तापलं की गळती थांबते. हिला थंड गळती म्हणतात. क्लिपच्या निवडीत चूक झाली की सर्वात आधी हीच दिसते.

क्लिपचे प्रकार

स्प्रिंग क्लिप. स्प्रिंग स्टीलच्या रुंद पट्टीची, दोन कान असलेली. कान पकडीने जवळ आणले की क्लिप उघडते, सोडले की मिटते. रबर आकसलं तर ती मागोमाग आकसते, फुगलं तर थोडी उघडते. वर सांगितलेला प्रश्न ती आपोआप सोडवते आणि म्हणूनच आजच्या बहुतेक मोटारींवर कारखान्यातून हीच क्लिप येते. हलकी दिसते म्हणून ती काढून स्क्रूची ‘मजबूत’ क्लिप लावायची सवय अनेकांना आहे. आमच्या मते बहुतेक वेळा हा बदल नुकसानीचा ठरतो, आणि प्लॅस्टिकच्या तोट्यांवर तर नक्कीच.

तिची मर्यादाही तितकीच ठळक आहे: ती विशिष्ट मापासाठीच बनलेली असते आणि त्या मापाच्या आसपासच नीट काम करते. कानावर बहुतेक वेळा एक आकडा कोरलेला असतो, तो सहसा मिलिमीटरमधला व्यास असतो. सोबतचं अक्षर पट्टीची रुंदी किंवा जाडी सांगतं. मूळ होजच्या जागी जास्त जाड भिंतीचा होज लावला तर जुनी क्लिप गरजेपेक्षा ताणली जाते, पातळ लावला तर पुरेसा दाब देत नाही. होज बदलला की स्प्रिंग क्लिपचं माप पुन्हा तपासायलाच हवं. बसवल्यावर ती बोटांनी होजभोवती फिरत असेल, तर माप चुकलं आहे किंवा स्प्रिंग मेली आहे. तारेची स्प्रिंग क्लिप ८–१० मि.मी.च्या ओव्हरफ्लो नळीसाठी ठीक. दाबाच्या होजवर मात्र पट्टीचीच घ्यावी.

स्क्रूची क्लिप, म्हणजे वर्म ड्राइव्ह. स्क्रू फिरवला की त्याचे आटे पट्टीवरच्या खाचांत अडकून पट्टी ओढतात. ब्रिटिश नौदलातील लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि त्यांच्या ‘जुबिली’ या नावाने ती अनेक ठिकाणी आजही ओळखली जाते. फायदा हा की एकच क्लिप बऱ्याच मापांना चालते आणि साध्या पान्याने बसते. तोटा हा की एकदा आवळली की ती तिथेच थांबते. रबराच्या मागे जात नाही.

या प्रकारात दोन जाती आहेत आणि फरक मोठा आहे. एकीत पट्टीला आरपार चिरा असतात. आवळताना रबर त्या चिरांत शिरतं आणि त्यांच्या धारेवर कापलं जातं; क्लिप काढल्यावर होजवर शिडीसारखे वळ दिसतात. दुसऱ्या जातीत आटे पट्टीच्या बाहेरच्या बाजूवर दाबून उमटवलेले असतात, आतली बाजू गुळगुळीत राहते आणि कडा किंचित बाहेर वळवलेल्या असतात. कूलिंग सिस्टिमला ही दुसरीच घ्यावी. सिलिकॉन होजवर तर आरपार चिरांची क्लिप लावूच नये, कारण सिलिकॉन लवकर फाटतं. तिथे गुळगुळीत आतल्या पट्टीची किंवा आत अस्तर असलेली क्लिप लागते.

स्प्रिंगचा आधार असलेली स्क्रूची क्लिप. स्क्रूवर वाटीसारख्या स्प्रिंग वॉशरांची रास असते किंवा पट्टीच्या आत लवचीक अस्तर असतं. रबर आकसलं की स्प्रिंग ती तूट भरून काढते. मोठ्या व्यासाच्या होजवर, डिझेलच्या जड इंजिनांवर आणि थंड गळतीने वारंवार त्रास देणाऱ्या जोडावर हा सर्वांत चांगला उपाय आहे. साध्या क्लिपपेक्षा महाग आणि आकाराने मोठी असते, त्यामुळे आजूबाजूला जागा आहे का हे आधी पाहावं. वॉशर पूर्ण चपटे होईपर्यंत आवळले तर स्प्रिंगला हलायला जागा उरत नाही आणि क्लिप साध्या स्क्रूच्या क्लिपसारखीच वागते.

टी-बोल्ट क्लिप. रुंद पट्टी, बोल्ट आणि नट. टर्बोच्या हवेच्या होजवर आणि जाड सिलिकॉनवर उत्तम. कूलंटच्या साध्या रबरी होजवर मात्र तिचा जोर जास्त पडतो; पातळ ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकची तोटी त्याखाली दबू शकते. तिच्या मापाची मर्यादाही अरुंद असते.

कान दाबून बसवायची क्लिप एकदाच वापरायची असते. काढताना ती कापावी लागते आणि तिच्या जागी नवीनच लावायची.

माप कसं घ्यायचं

माप होजच्या आतल्या व्यासाचं नाही, तोटीवर चढवलेल्या होजच्या बाहेरच्या व्यासाचं घ्यायचं. दुकानात होज ३२ मि.मी.चा म्हणून मिळतो, पण ते आतलं माप. तोटी ३४ मि.मी. आणि होजची भिंत ४.५ मि.मी. असेल, तर बाहेरचा व्यास ३४ अधिक दोनदा ४.५, म्हणजे ४३ मि.मी. येतो. व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी होजभोवती एकदा गुंडाळा, जिथे टोक भेटतं तिथे खूण करा आणि लांबीला ३.१४ ने भागा. १३५ मि.मी. आली तर व्यास ४३.

स्क्रूच्या क्लिपवर २०–३२, २५–४०, ३२–५०, ४०–६० अशी मापं कोरलेली असतात. आपलं माप या मर्यादेच्या मधल्या भागात पडायला हवं. ४३ साठी ३२–५० योग्य आहे. ४०–६० सुद्धा ‘बसते’, पण तळाच्या मापावर आवळलेल्या क्लिपमध्ये दोन दोष येतात. स्क्रू ज्या खोबणीत, म्हणजे घरात, बसतो तिच्याखालचा भाग सपाट राहून वर्तुळ अंड्यासारखं होतं आणि खोबणीच्या दोन्ही बाजूंना दाब कमी पडतो. शिवाय ५ सें.मी.हून लांब शेपूट बाहेर उरतं, ते शेजारच्या होजला घासतं किंवा हात कापतं. उलट, क्लिप वरच्या टोकाच्या मापावर असेल तर स्क्रूखाली मोजकेच आटे अडकलेले असतात आणि आवळताना पट्टी उडी मारून सुटते.

पट्टीची रुंदी तोटीवरच्या जागेवरून ठरवा. हीटरच्या १६ ते १९ मि.मी.च्या होजला ९ मि.मी. रुंद पट्टी पुरते. रेडिएटरच्या मोठ्या होजला १२ मि.मी. घ्यावी. लहान व्यासावर रुंद आणि ताठ पट्टी नीट गोल वळत नाही, त्यामुळे छोट्या होजला रुंद पट्टी लावून काही फायदा होत नाही. कंगोरा आणि होजचं टोक यांच्यामध्ये पूर्ण पट्टी सपाट बसली पाहिजे, इतकी जागा आहे का ते मोजूनच घ्या.

धातू

डिन ३०१७ या जर्मन मानकाप्रमाणे बनलेल्या क्लिपवर धातूची खूण असते. डब्ल्यू १ म्हणजे सगळे भाग जस्ताचा मुलामा दिलेल्या स्टीलचे. डब्ल्यू २ मध्ये पट्टी आणि खोबण स्टेनलेसची, स्क्रू मात्र मुलाम्याचा. डब्ल्यू ३ सगळी स्टेनलेस, पण चुंबकाला चिकटणाऱ्या साध्या जातीची. डब्ल्यू ४ सगळी ३०४ जातीच्या स्टेनलेसची आणि डब्ल्यू ५ सगळी ३१६ची, खाऱ्या पाण्यासाठी. कोरड्या हवेत, बॉनेटखाली वरच्या बाजूला डब्ल्यू १ सुद्धा चालते. खालच्या होजला, जिथे रस्त्याचं पाणी आणि चिखल उडतो, तिथे डब्ल्यू ४ घ्यावी.

दुकानात ‘स्टेनलेस’ म्हणून हातात दिलेली क्लिप बऱ्याचदा डब्ल्यू २ असते. पट्टी चमकत राहते, स्क्रू गंजून अडकतो आणि पुढच्या वेळी क्लिप कापावी लागते. खिशात छोटं चुंबक ठेवा. पट्टीला ते जवळजवळ चिकटत नाही आणि स्क्रूला मात्र घट्ट चिकटतं, असं झालं तर स्क्रू वेगळ्या धातूचा आहे. पूर्ण स्टेनलेस क्लिपची एक खोड लक्षात ठेवा: स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आणि जोरात फिरवलं की आटे एकमेकांत रुतून बसतात. स्क्रू हाताने, सावकाश फिरवावा आणि आट्यांना तेलाचा एखादा थेंब द्यावा, पण तो होजवर सांडू देऊ नये; ईपीडीएम तेलाने फुगतं आणि मऊ पडतं.

बसवण्याची पद्धत

काम थंड इंजिनावरच करा. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर दाब सुटून कूलंट उसळतं आणि गंभीर भाजतं. निघालेलं कूलंट बंद डब्यात ठेवा. एथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोडसर चवीमुळे जनावरं ते चाटतात.

१. स्प्रिंग क्लिप फिरत्या जबड्यांच्या पकडीने काढा. आडजागी केबलची पकड लागते. साधी पक्कड कानावरून घसरते आणि क्लिप उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. कान एकमेकांना टेकतील इतकी क्लिप उघडायची गरज नसते. जास्त ताणली की स्प्रिंग कमजोर होते.

२. चिकटलेला होज आधी गोल फिरवून सुटा करा. तोटी आणि होज यांच्यामध्ये स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटू नका, त्याने तोटीवर लांबीच्या दिशेने ओरखडे पडतात आणि कूलंटला त्याच चराने वाट मिळते. होज टाकूनच द्यायचा असेल तर पात्याने वरवर चीर देऊन सोला, पातं धातूपर्यंत पोचू देऊ नका.

३. तोटी साफ करा. जुन्या रबराचे तुकडे आणि पांढरी पूड घासणीने काढा आणि घासताना हात तोटीभोवती गोल फिरवा, लांबीच्या दिशेने नको. बोट फिरवून पाहा. खड्डे लागले तर ते तिथेच नोंदवा, कारण गळतीचं खरं कारण बऱ्याचदा तेच असतं.

४. क्लिप आधी होजवर सरकवून ठेवा. स्प्रिंग क्लिप नंतर वरून घालता येत नाही.

५. तोटी कूलंटने किंवा पाण्याने ओली करा आणि होज कंगोऱ्याच्या पलीकडे, तोटीच्या थांब्यापर्यंत ढकला. ग्रीस, इंजिन ऑइल, गॅस्केटचा लेप यांपैकी काहीही लावू नये. लेपामुळे होज तोटीवर घसरतो आणि पुढच्या वेळी काढायला त्रास देतो. होजवर खूण असेल तर ती जुळवून घ्या. पिळलेला होज क्लिपला सतत एका बाजूला ओढत राहतो.

६. क्लिपची जागा ठरवा. कंगोऱ्याच्या मागे, होजच्या टोकापासून ३ ते ६ मि.मी. आत. कंगोऱ्यावरच बसवली तर रबर एका रेषेत चिरडलं जातं. अगदी टोकावर बसवली तर ती निसटते. जुनाच होज परत वापरत असाल तर स्प्रिंग क्लिप जुन्या वळावरच बसवा. स्क्रूचं डोकं पान्याला सापडेल असं, पण पंखा, पट्टा आणि वायरिंगपासून दूर ठेवा.

७. स्क्रूची क्लिप हाताच्या पान्याने आवळा. तिच्या डोक्याला बहुधा ७ मि.मी.चा षट्कोनी सॉकेट लागतो. हवेच्या किंवा विजेच्या पान्याने ही क्लिप कधीही आवळू नये.

किती आवळायचं

क्लिप बनवणाऱ्याने दिलेला आकडा पहिला. तो नसेल तर ९ मि.मी. पट्टीला सुमारे ३ आणि १२ मि.मी. पट्टीला सुमारे ५ न्यूटन-मीटर हे चांगलं माप आहे. प्लॅस्टिकची तोटी आणि सिलिकॉन होज यांना याहून कमी. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा: १० सें.मी. लांबीच्या दांड्याच्या टोकाला ५ किलोचा जोर म्हणजे साधारण ५ न्यूटन-मीटर. डोळ्यांनीही कळतं. पट्टीच्या दोन्ही कडांशी रबर किंचित वर आलं, पट्टीच्या जाडीइतकं, की थांबायचं. रबर पट्टीवरून ओघळू लागलं तर जास्त झालं.

जास्त आवळल्याने गळती थांबते असं वाटतं, आणि काही दिवस थांबतेही. पण रबर जितकं जास्त दाबाल तितकं ते लवकर कायमचं पातळ होतं, मग पुन्हा आवळावं लागतं, आणि शेवटी पट्टी होज कापते, आटे जातात किंवा रेडिएटरची नायलॉनची तोटी तडकते. तोटी तडकली की टाकी किंवा अख्खा रेडिएटर बदलावा लागतो.

काहीजण दोन क्लिपा शेजारीशेजारी लावतात. तोटी लांब असेल आणि दोन्ही पट्ट्या कंगोऱ्याच्या मागे पूर्ण सपाट बसत असतील, तर स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना ठेवून तसं करता येतं. आखूड तोटीवर मात्र दुसरी क्लिप तोटीच्या पुढच्या मोकळ्या रबरावर येते. तिथे ती होज आत चिमटते आणि प्रवाह अडवते, गळतीला काहीच करत नाही.

तपासणी

कूलंट भरून, हवा काढून झाली की थंड इंजिनावरच प्रेशर टेस्टर लावा. कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्या आणि १०–१५ मिनिटं काटा पाहा. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. मग इंजिन पंखा चालू होईपर्यंत तापवा आणि पूर्ण निवू द्या. स्क्रूची क्लिप असेल तर पुन्हा हात याच वेळी लावायचा, थंड असताना आणि एकदाच, ठरलेल्या टॉर्कपर्यंत. गरम होजवर क्लिप आवळली तर फुगलेल्या रबराचा आकडा मिळतो आणि निवल्यावर ती सैल पडते. स्प्रिंग क्लिपला पुन्हा आवळणं नसतंच.

तरीही गळत असेल तर कधी आणि कुठून, यावरून कारण कळतं. फक्त थंड असताना थेंब पडत असतील तर क्लिप रबराच्या मागे जात नाही. योग्य मापाची स्प्रिंग क्लिप किंवा स्प्रिंगचा आधार असलेली स्क्रूची क्लिप लावा. फक्त गरम, दाबाखाली गळत असेल तर होजमध्ये चीर आहे का ते क्लिपच्या कडेशी वाकवून पाहा. गळती खोबणीच्या खालूनच येत असेल तर क्लिप मापाने मोठी आहे. वाळलेल्या कूलंटचा पांढरा, हिरवा किंवा गुलाबी थर होजच्या टोकाशी दिसत असेल, पण टेस्टरवर काटा स्थिर असेल, तर जुनी थंड गळती असण्याची शक्यता जास्त. थर पुसा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू करण्याआधी पाहा.

जुन्या वळांनी होजचं टोक खराब झालं असेल आणि होजला लांबीची सोय असेल, तर टोक १० मि.मी. सरळ कापून नव्या रबरावर क्लिप बसवता येते. पण कापलेल्या तोंडात धागे उघडे पडून भिजलेले दिसले, किंवा होज दाबल्यावर कुरकुरला किंवा स्पंजासारखा लागला, तर तो बदला. तोटीवर होजच्या खालीच खोल खड्डे पडले असतील, तर ती जागा कोणतीही क्लिप बंद करू शकत नाही. थर्मोस्टॅटचं आवरण, वॉटर पंपाची तोटी किंवा रेडिएटरची टाकी, जो भाग असेल तो बदलावा लागतो.